ओळख मत्स्यालयाची : लहान आफ्रिकी सिक्लिडांचे सोबती आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे पाणी

आफ्रिकेतील नद्या आणि सरोवरांत राहणाऱ्या सिक्लिड कुलातील लहान जाती, म्हणजे साधारण चार ते दहा सेंटिमीटर लांबीच्या, तळाशी आपला टापू ठरवून त्याची राखण करणाऱ्या आणि अंड्या-पिल्लांची काळजी स्वतः घेणाऱ्या जाती, दोन किंवा तीन फुटी काचटाकीत सहज सामावतात. परंतु त्यांची जोडी टाकीत एकटीच ठेवली, तर ती दिवसाचा बराच वेळ दगडाआड दडून राहते, टाकीजवळ कोणी आले की तिचे रंग फिके पडतात, आणि जोडीत बेबनाव झाला की नराचा सगळा राग एकट्या मादीवर निघतो. या अडचणींवरचा जुना आणि गुणकारी उपाय म्हणजे टाकीच्या वरच्या थरात थव्याने पोहणारे लहान मासे सोडणे. ते कोणते असावेत, याचे उत्तर दुकानातील रंगांवरून किंवा परदेशी पुस्तकांतील यादीवरून ठरवता येत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तर ते प्रामुख्याने घरात येणाऱ्या पाण्यावरून आणि मे महिन्यातील उन्हावरून ठरते.

अशा सोबतीचा उपयोग का होतो, याचे विवेचन बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राणिवर्तनशास्त्रज्ञ जॉर्ज बार्लो यांनी १९६८ साली केले. बुजऱ्या माशांच्या वर्तनाचा अभ्यास करताना, टाकीत मोकळेपणाने वावरणारे दुसऱ्या जातीचे मासे असतील तर बुजरे मासे कमी बिचकतात, असा त्या विवेचनाचा आशय होता. (बार्लो यांनी ज्या माशांवर दीर्घकाळ काम केले, त्यांत दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आढळणारा नारिंगी क्रोमाइड हा भारतीय सिक्लिडही होता.) यामागचे कारण सरळ आहे. शत्रू दिसताच सर्वांत आधी पळ काढतात ते उघड्यावर वावरणारे लहान मासे. ते निवांत फिरत असतील तर आसपास धोका नाही, अशी खूणगाठ तळाशी दडलेला मासा बांधतो आणि बाहेर येतो. थव्याचा दुसरा लाभ असा की सिक्लिड नराला टापूबाहेर हुसकावण्यासाठी कोणीतरी मिळते, त्याची चढाई अनेकांवर विभागली जाते आणि मादीला उसंत मिळते.

थवा या शब्दाने येथे दोन वेगळ्या अवस्था समजून घ्याव्या लागतात. काही मासे नुसते एकमेकांच्या आसपास राहतात, खातात, पांगतात आणि पुन्हा जवळ येतात. काही मासे एकाच दिशेला तोंड करून, सारखे अंतर राखून, एकदम वळत पोहतात. टाकीत विकत आणले जाणारे बहुतेक लहान मासे पहिल्या प्रकारात मोडतात आणि भीती वाटली तरच दुसऱ्या प्रकारे वागू लागतात. त्यामुळे घट्ट बांधलेला, लष्करी शिस्तीत फिरणारा थवा पाहून मालकाला कितीही समाधान वाटले, तरी तो थवा बहुधा घाबरलेला असतो, आणि घाबरलेला थवा सिक्लिडाला धीर देऊ शकत नाही. सहापेक्षा कमी मासे असले की ही भीती टिकून राहते. आठ ते दहा असावेत हे उत्तम.

सोबत्याने वरच्या किंवा मधल्या थरात राहावे, म्हणजे तळाच्या टापूवरून कटकट होत नाही. तो चपळ असावा. तो सिक्लिडाच्या तोंडात मावेल इतका बारीक नसावा, कारण जे तोंडात मावते ते आज ना उद्या खाल्ले जाते. दुसऱ्याचे पर कुरतडण्याची खोड त्याला नसावी. दुकानांत सर्वत्र मिळणारा टायगर बार्ब या एका कारणाने बाद ठरतो. एवढे पाहूनही निवड फसते, कारण खरी अडचण पाण्यात असते.

ज्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात, साबणाला फेस येत नाही आणि भांड्याला पांढरा थर बसतो, त्याला दुष्फेन किंवा बोलीत जड पाणी म्हणतात; ज्यात हे क्षार कमी असतात ते सुफेन. भारतीय मानक संस्थेच्या पेयजलविषयक मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. माणसाला पिण्यायोग्य असलेल्या या एकाच पट्ट्यात माशांच्या दृष्टीने दोन वेगळी जगे बसतात. पाण्याची आम्लता किंवा अल्कता दाखवणारा आकडा म्हणजे सामू; सात हा उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला राजुरा, कोरपना आणि जिवती या तालुक्यांत चुनखडीचे थर आहेत. गडचांदूर, आवारपूर येथील सिमेंट कारखाने त्यांच्यावरच उभे राहिले. चुनखडीतून झिरपलेले विहिरी-बोअरचे पाणी स्वाभाविकच जड आणि अल्क असते, आणि पश्चिमेकडील काही गावांत त्यात फ्लोराइडचेही प्रमाण वाढलेले आढळते. याउलट नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली हा चंद्रपूरचा पूर्व भाग आणि वैनगंगेपलीकडील गडचिरोली हा धानाचा, जंगलाचा आणि माजी मालगुजारी तलावांचा मुलूख आहे. तेथील तलावांत आणि बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, साठते ते मुख्यतः जंगलउतारावरून वाहून आलेले पावसाचे पाणी, आणि त्यात क्षार कमी असतात. मात्र त्याच गावातील खोल बोअरचे पाणी जड निघू शकते, आणि इरई धरणातून येणारे चंद्रपूर शहराच्या नळाचे पाणी शेजारच्या बोअरपेक्षा वेगळे असते, म्हणून तालुक्याच्या नावावर विसंबून न राहता चाचणी-पट्टीने किंवा थेंबांच्या संचाने पाणी तपासणे इष्ट. टाकीत घालायच्या दगडांनाही हाच नियम लागू होतो: दगडावर व्हिनेगर टाकल्यास बुडबुडे आले तर तो चुन्याचा आहे आणि तो पाणी जड करीत राहील, गडचिरोलीकडील गारगोटी किंवा ग्रॅनाइट तसे करीत नाही.

सुफेन पाण्याच्या घरात पहिला मान क्रिबेन्सिसचा. पेल्विकाक्रोमिस पल्चर हे त्याचे शास्त्रीय नाव. तो दक्षिण नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारी भागातील नद्यांत राहतो, नर सुमारे दहा सेंटिमीटर आणि मादी त्याहून लहान असते, आणि विणीच्या काळात मादीचे पोट जांभळट लाल होते. उपड्या ठेवलेल्या कुंडीत किंवा नारळाच्या करवंटीत तो अंडी घालतो. या माशाच्या पिल्लांत नर-माद्यांचे प्रमाण सामूवर काही अंशी अवलंबून असते, आम्ल पाण्यात नर अधिक निपजतात, त्यामुळे एकाच घरात पैदास करणाऱ्यांना कधी कधी एकाच लिंगाच्या पिल्लांचा ढीग मिळतो. त्याच्यासोबत दोन फुटी टाकीत मलाया-सुमात्राकडील हार्लेक्विन रासबोरा उत्तम राहतो: मधल्या थरात वावरणारा, शांत, आणि अंगाने इतका रुंद की क्रिबेन्सिसच्या तोंडात मावत नाही. आफ्रिकेचाच सोबती हवा असल्यास काँगो टेट्रा हा सर्वांत देखणा. पण नर आठ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला सरळ पोहायला लांबी लागते, म्हणून चार फुटांखालच्या टाकीत तो कोंबणे हा त्या माशावर अन्यायच. तळाशी फिरणारे कोरिडोरास हे मार्जारमत्स्य या जोडीजवळ ठेवू नयेत. पिल्ले राखणारी क्रिबेन्सिसची जोडी रात्रीही तळावर पहारा देते, आणि टापू म्हणजे काय हे कोरिडोरासला उमजत नसल्याने तो पुन्हा पुन्हा मार खातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरूनही ५६ लिटरच पाणी मावते; अशा टाकीत पिल्ले पोहू लागली की वरचा थवाही एका कोपऱ्यात ढकलला जातो, आणि त्या काही आठवड्यांसाठी त्याला दुसरी टाकी तयार ठेवावी लागते.

जड पाण्याच्या घराने टांगानिका सरोवराकडे पाहावे. त्याचा सामू साधारण ८.६ ते ९ च्या घरात असतो, आणि तेथील निओलाम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस हा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा शंखवासी सिक्लिड मेलेल्या गोगलगाईंच्या शंखांत वसाहत करून राहतो. कोरपना-राजुऱ्याच्या पाण्यात त्याला क्षार घालण्याची फारशी गरज पडत नाही, आणि धानाच्या बांध्यांत सापडणाऱ्या मोठ्या गोगलगाईचे रिकामे शंख उकळून स्वच्छ केल्यास घराचाही प्रश्न मिटतो. त्याच्या जोडीला निऑन टेट्रा नेला जातो, तो केवळ दिसायला छान म्हणून. निऑन ॲमेझॉन खोऱ्यातील आम्ल, सुफेन पाण्याचा रहिवासी आहे आणि अल्क पाण्यात तो कुढत जातो. येथे झेब्रा डॅनिओ योग्य. निसर्गशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १८२२ साली वर्णन केलेला हा भारतीय उपखंडाचाच मासा असून सामू आठपलीकडे गेला तरी तो निभावून नेतो, पाण्याच्या पृष्ठभागापाशी राहतो आणि शंखांच्या भानगडीत पडत नाही. टांगानिकाचेच थव्याने राहणारे सायप्रिक्रोमिस मात्र मोठ्या टाकीचे मासे आहेत. मलावी सरोवराच्या खडकांत राहणाऱ्या, शेवाळ खरवडून खाणाऱ्या रंगीत सिक्लिडांबद्दल एवढेच सांगणे पुरे की ते लहान टाकीचे नाहीत आणि लहान थव्याचे सोबतीही नाहीत.

या दोन जिल्ह्यांचा उन्हाळा ही दुसरी कसोटी. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणे नवे नाही, आणि पन्नास-साठ लिटरची टाकी बंद खोलीत सहज ३३-३४ अंशांवर पोहोचते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ अंशांना सुमारे ७. आणि त्याच वेळी माशाचे शरीर अधिक प्राणवायू मागत असते. याची झळ थव्याला आधी बसते, कारण सतत पोहणारा मासा स्वस्थ बसणाऱ्या सिक्लिडापेक्षा अधिक प्राणवायू वापरतो. जड पाण्याच्या टाकीत आणखी एक संकट दडलेले असते. माशांच्या उत्सर्गातून निघणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग २५ अंशांवर सामू ७ असताना एक टक्क्याहूनही कमी, सामू ८ असताना सुमारे पाच टक्के आणि सामू ९ असताना एकतृतीयांशाहून जास्त असतो, व तापमानाबरोबर तो वाढत जातो. म्हणजे मूलच्या घरी खपून जाणारी दाटी गडचांदूरच्या घरी मे महिन्यात मासे मारू शकते, आणि तेथे दहाऐवजी सातच डॅनिओ ठेवणे शहाणपणाचे. टाकीचे झाकण उघडून त्या जागी जाळी बसवावी आणि पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडावा, म्हणजे विदर्भाच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. पण उडालेल्या पाण्यामागे क्षार तसेच राहतात, त्यामुळे भर घालताना बोअरचे पाणी न वापरता साठवलेले पावसाचे किंवा आरओ यंत्राचे पाणी घालावे.

परदेशी माशांच्या या चर्चेत एक गोष्ट सहसा निसटते. तलाव-बोड्यांत आणि वैनगंगेच्या उपनद्यांत थव्याने राहणारे लहान देशी मासे भरपूर आहेत: अंगावर काळी आडवी रेघ असलेला रासबोरा डॅनिकोनियस, दोन ठिपक्यांचा पेथिया टिक्टो, काचेसारखा पारदर्शक पॅराम्बॅसिस रंगा. या पाण्याची आणि या उन्हाची त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते. कोलकाता-चेन्नईच्या पैदास केंद्रांतून प्रवास करून आलेल्या माशाला ती टाकीत कमवावी लागते. रासबोरा डॅनिकोनियस क्रिबेन्सिसच्या तीन फुटी टाकीत वरच्या थराचा सोबती म्हणून अगदी शोभतो, मात्र तो उडी मारतो. पेथिया टिक्टो त्याहून लहान व गुटगुटीत असून दोन फुटी टाकीतही चालतो. पॅराम्बॅसिस दिसायला विलक्षण, पण जिवंत खाद्यावाचून कुपोषित होतो, म्हणून तो टाळलेला बरा. हे मासे बाजारात मिळत नाहीत. गळ-जाळ्याचा हक्क ज्या ढिवर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे किंवा ग्रामसभेकडे आहे, त्यांना विचारूनच ते घ्यावेत, आणि ताडोबा-अंधारीसारख्या संरक्षित क्षेत्रातून अजिबात घेऊ नयेत. तलावातील मासा कृमी आणि जळवा घेऊन येतो, त्यामुळे मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवणे अपरिहार्य.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे टाकीतला आफ्रिकी मासा बोडीत सोडणे, याचा अनुभव देशाला आधीच आहे. मोझांबिक तिलापिया हाही आफ्रिकी सिक्लिडच. तो १९५२ साली भारतात आणला गेला, अंडी व पिल्ले तोंडात सांभाळण्याच्या सवयीमुळे साचलेल्या पाण्यात बेसुमार वाढला, आणि १९५९ साली त्याचा प्रसार थांबवण्याचा निर्णय झाला तोवर पुष्कळ जलाशयांत रुजलाही होता. क्रिबेन्सिसची जोडी एका विणीत शेकडो पिल्ले देऊ शकते आणि ती सगळी एका टाकीत राहत नाहीत. ती दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी पालकाला द्यावीत. अंगणातल्या हौदात ठेवायची झाल्यास हौदाचे पाणी पावसाळ्यात नालीवाटे बांधीपर्यंत पोहोचते का, हे आषाढ लागण्यापूर्वी पाहून घ्यावे.