संस्कृत की जर्मन? मॅक्सम्युलर भवन आणि भाषेचा वाद

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावर जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटचे केंद्र आहे. भारतात ही संस्था मॅक्सम्युलर भवन या नावाने ओळखली जाते. मॅक्सम्युलर हे संस्कृतचे पंडित. सायणभाष्यासह ऋग्वेद त्यांनी १८४९ ते १८७४ या काळात प्रसिद्ध केला. भारतात मात्र ते कधीच आले नाहीत. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी मॅक्सम्युलर यांनी प्रयत्न केले होते.

केंद्रीय विद्यालय संघटनेने २०११ मध्ये या संस्थेशी सामंजस्य करार केला. त्यानुसार सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना तिसरी भाषा म्हणून संस्कृतऐवजी जर्मन निवडता येऊ लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने ही व्यवस्था त्रिभाषा सूत्राशी विसंगत ठरवून रद्द केली. शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर सुमारे ७० हजार विद्यार्थ्यांपुढे प्रश्न उभा राहिला. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी ब्रिस्बेन येथील जी-२० परिषदेच्या वेळी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्याकडे हा विषय काढला. पालकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या वर्षी या विद्यार्थ्यांची संस्कृतची परीक्षा घेतली जाणार नाही, असे सरकारने न्यायालयात सांगितले.

ऑक्टोबर २०१५ मध्ये मर्केल यांच्या भारतभेटीत तोडगा निघाला. भारतात जर्मन ही अतिरिक्त परकीय भाषा म्हणून शिकवावी आणि जर्मनीत आधुनिक भारतीय भाषांना प्रोत्साहन द्यावे, असे ठरले. जर्मनला शाळांची दारे खुली राहिली. तिसऱ्या भाषेचे स्थान मात्र भारतीय भाषेकडेच राहिले.