अस्थिमज्जा, आपला आहार आणि ब-१२

रक्त वाहते शिरांतून; घडते मात्र हाडांच्या पोकळीत. बरगड्या, छातीचे मधले हाड, कंबरेची हाडे व मणके यांतील अस्थिमज्जेत प्रौढ माणसाच्या दररोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येकीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे. पेशींची विभागणी इतक्या वेगाने व्हायची, तर दर वेळी डीएनएची नवी प्रत उतरवावी लागते, आणि त्यासाठी फोलेट व ब-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. यांपैकी एकही कमी पडले की पेशी आकाराने वाढते, परंतु तिचे केंद्रक मागे राहते. अशा अपक्व पेशी बहुतांशी मज्जेतच नष्ट होतात. उणीव तीव्र असेल तर पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्सही घटतात, आणि तपासणीचा कागद पाहून घरात कर्करोगाची कुजबुज सुरू होते.

हे दोन घटक भिन्न आहेत, हे उमगण्यात मुंबईचा वाटा आहे. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट व मर्फी यांनी एका प्राणघातक रक्तक्षयाचे रुग्ण यकृताच्या आहाराने वाचवले. त्यानंतर दोनच वर्षांनी डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून मुंबईस आल्या आणि येथील गरोदर गिरणीकामगार स्त्रियांच्या, वरवर तशाच दिसणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. त्या स्त्रियांना यीस्टच्या अर्काने गुण येतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधील तो घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. यकृतातील ब-१२ वेगळे करता आले ते १९४८ मध्ये.

आपल्या स्वयंपाकघरात फोलेटची फारशी चिंता नाही. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य केल्या तरी मूग-हरभरा असतातच. ब-१२ मात्र धान्यात नाही, डाळीत नाही, फळातही नाही. आपल्यासाठी त्याचा आधार दूध-दह्याचाच. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि मोठ्या कपभर दुधात ते जेमतेम एक मायक्रोग्रॅम असते. चहातील चार चमचे दुधाने ती कशी भागावी? आयंबिलात तर दूधही नसते. शरीरातील साठा भरलेला असेल तर नऊ दिवसांची ओळी सहज पार पडते; खरा प्रश्न साठा मुळातच अपुरा असणाऱ्यांचा आहे. त्यातच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या आतड्यात ब-१२ चे शोषणही कमी होते. पेढीवर बसणाऱ्या किती ज्येष्ठांना हे लागू पडते, ते घराघरांतच मोजावे.

येथे एक धोका आहे. थकवा आला की ‘रक्त वाढवण्याच्या’ गोळ्या आणल्या जातात. त्यांत बहुधा लोह व फॉलिक ॲसिड असते. उणीव ब-१२ ची असेल तर फॉलिक ॲसिडने हिमोग्लोबिन काही काळ सुधारते, पण मज्जातंतूंची झीज चालूच राहते. तळपायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, हिशेबात पूर्वी न होणाऱ्या चुका ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जातात. उशीर झाल्यास ती पूर्णपणे भरून येत नाहीत. गर्भवती सुनेने फॉलिक ॲसिड घ्यायलाच हवे, मात्र सोबत ब-१२ ही तपासावे. मातेची उणीव अंगावर पिणाऱ्या बाळात उतरते, त्याची वाढ खुंटते, कधी हातपाय थरथरू लागतात.

तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, १०० च्या वर गेला तर संशय घ्यावा. परंतु लोहही कमी असेल तर हा आकडा फसवा, सामान्यच दिसतो. म्हणून रक्तातील ब-१२ स्वतंत्रपणे मोजावे, तेही औषध सुरू करण्यापूर्वी. वर्षीतप आरंभण्याआधी ही तपासणी अवश्य करून घ्यावी. ब-१२ पुरेसे असूनही पेशी कमी राहिल्या, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब नको.

‘गोळी मांसापासून बनते का?’ ही शंका अनेक श्रावक विचारतात. आज औषधातील ब-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, यकृतातून नव्हे. मात्र कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. तेव्हा औषधविक्रेत्याकडे साधी गोळीच मागावी. किण्वनाविषयीच ज्यांच्या मनात प्रश्न असेल, त्यांनी आपल्या गुरुमहाराजांशी आणि डॉक्टरांशी, दोघांशीही, उपचार टाळण्याआधी बोलावे.