तरवड अंगणात, लॉन कुंपणाबाहेर
लेखमाला ‘दारापुढची बाग’ : भाग चौथा

परभणीत वसमत रोडला किंवा जिंतूर रोडला नवं घर उभं राहिलं, की वास्तुशांतीच्या आधीच नर्सरीचा टेम्पो दारात लागतो. दोन शोभेचे पाम, कुंपणाला कोनोकार्पस, फाटकावर बोगनवेल आणि उरलेल्या मोकळ्या जागेत गुंडाळी उलगडून अंथरलेली लॉन. दिवाळीपर्यंत सगळं झकास दिसतं. फाल्गुनात बोअर खाली जातो, वैशाखात पारा 44-45 अंशांवर टेकतो, आणि मग टँकरचं पाणी आधी टाकीत सोडायचं की लॉनवर, यावरून घरात कुरबुर सुरू होते.

यातली बरीचशी झाडं पाहुणी आहेत. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, कोनोकार्पसही परदेशातला. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो, बारा महिने हिरवा राहतो आणि शेळी तोंड लावत नाही, म्हणून तो गावोगाव पसरला. शेजारच्या गुजरातने 2023 साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. खोलवर जाणाऱ्या मुळांनी जमिनीखालच्या वाहिन्या बिघडतात आणि परागकणांनी सर्दी-दमा वाढतो, ही त्यामागची कारणं होती.

मग लावायचं काय? उत्तर नर्सरीत कमी आणि जिंतूर तालुक्याच्या माळांवर जास्त सापडतं. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत परभणीची गणना होते, पण नेमगिरीच्या टेकड्यांकडे किंवा येलदरीच्या वाटेला लागलं की मुरमाड उतारावर तरवड, बोरी, हिवर आणि पळस दिसतात. त्यांना कोणी पाणी घालत नाही आणि खतही देत नाही.

तरवडाचंच घ्या. कमरेएवढं, फार तर डोक्याएवढं झुडूप. पिवळ्याजर्द फुलांचे घोस, लांब चपट्या शेंगा. शेरडं याच्या वाटेला सहसा जात नाहीत, त्यामुळे कुंपणाच्या कडेला याच्यासारखा राखणदार नाही. नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते, ती आता बाजारात विकत घ्यावी लागते. रोप मिळालं नाही तर वाळलेल्या शेंगा आणाव्यात. बियांचं कवच टणक असतं, म्हणून त्या कढत पाण्यात टाकून रात्रभर तशाच ठेवायच्या आणि फुगलेल्या तेवढ्या पिशवीत लावायच्या. सोटमूळ खोल जातं, म्हणून रोप लहान असतानाच कायमच्या जागी हलवलेलं बरं. पानं कुरतडलेली दिसली तर फवारा घेऊन धावू नये. फिकट पिवळसर पंखांच्या फुलपाखरांच्या अळ्या यावरच वाढतात, आणि थोड्याच दिवसांत तीच फुलपाखरं दारात भिरभिरतात.

सावलीसाठी झाड हवं असेल तर बहावा किंवा आपटा. बहाव्याला फुलायला काही वर्षं लागतात, तेवढा धीर हवा. पण ऐन उन्हाळ्यात, बाकी सगळं करपलेलं असताना, तो सोनेरी झुंबरं लटकवून उभा राहतो. आपटा आकाराने बेताचा, वेडावाकडा, आणि दसऱ्याला दारातच सोनं. (बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं सर्रास गळ्यात मारतात, हे जाता जाता.) भिंतीच्या कडेला अडुळसा, कोरांटी आणि निर्गुडी चालतात. यांना जनावर खात नाही, छाटणी सोसते, आणि गुडघे धरले की शेकायला निर्गुडीचा पाला घरचाच.

आणि लॉन हवीच असेल तर हराळी. शेतकरी हयातभर जिला कुदळीने खणून काढतो आणि शिव्या घालतो, तीच गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो. उन्हाळ्यात ती सुकल्यासारखी दिसते, मरत नाही. पहिल्या पावसाने पुन्हा उठते. अट एकच : वाफ्याच्या कडेला फरशी खोल गाडायची, नाहीतर ती मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यातही घुसेल.

देशी म्हटलं म्हणजे इथलंच असंही नाही. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, पण ते झाड कोकणातल्या ओढ्याकाठचं; परभणीच्या वैशाखात त्याला पाण्याचे लाड करावे लागतात. उलट सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं, पण बालाघाटच्या दगडधोंड्यांत ते असं रुजलं की आता त्याला परकं म्हणायची सोय उरली नाही. अंगणात त्याला जागा द्यावी. जातकुळी बघण्यापेक्षा एप्रिल-मे झेपतो का, ते बघावं.

खरी मेख काळ्या मातीत आहे. पावसाळ्यात ती फुगते, मुळांशी पाणी तुंबतं. उन्हाळ्यात आक्रसते आणि हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. कोवळी मुळं त्यात तुटतात. म्हणून दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यायचा. भरताना निम्मी माती, बाकी मुरूम आणि कुजलेलं शेणखत. दोन चांगले पाऊस झाले की रोप लावायचं आणि आळ्यात सोयाबीनच्या भुसकटाचा वीतभर थर द्यायचा. परभणीत भुसकटाला तोटा नाही. शेळ्या येत असतील तर भोवती तुरकाट्यांचा कूड. मोठं झाड घरापासून बारा-पंधरा फूट लांबच असावं, कारण पायाजवळची माती सतत भिजत-वाळत राहिली की भिंतीला तडे जातात.

कमी देखभाल म्हणजे शून्य देखभाल नव्हे, हे नर्सरीवाला सांगत नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. त्यासाठी मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात ओवायची, मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं आणि रिकामं झालं की भरायचं. पाणी थेट मुळाशी झिरपतं, वरची माती कोरडी राहते आणि तणही कमी उगवतं.

तणावरून गाजरगवत आलंच. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे तण आज परभणीच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणं हा घरगुती उपाय. दुसरा उपाय गावातच मिळतो : 1972 साली स्थापन झालेलं इथलं कृषी विद्यापीठ, म्हणजे आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, गाजरगवतावर जगणारे मेक्सिकन भुंगे शेतकऱ्यांना पुरवतं. हे भुंगे ऐन पावसाळ्यात पानांचा फडशा पाडतात आणि थंडी-उन्हाळा जमिनीत दडून काढतात. शेजारचा रिकामा प्लॉट कोणाचा हेच ठाऊक नसेल, तर तिथे सोडायला यांच्याइतके सोयीचे मजूर नाहीत.

पुढील भागात : न्हाणीघराच्या सांडपाण्यावर काय जगतं, आणि काय कुजतं.