चोवीस संगणक, एक कमांड

संगणकातली हार्ड डिस्क काढून घेतली की तो निकामी झाला, असं बहुतेकांना वाटतं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. शाळेच्या लॅबमधल्या संगणकाची डिस्क काढली की त्याची निम्मी दुखणी तिच्याबरोबर जातात. कित्येक वर्षं हे मी शिक्षकांना, संस्थाचालकांना, भेटेल त्याला सांगत आलो आहे. दिवाळी अंकात ऐसपैस जागा मिळते आहे, तर एकदा सगळं नीट मांडतो.

मूळ कल्पना साधी. लॅबमध्ये एकच दणकट सर्व्हर ठेवायचा. बाकीच्या चोवीस संगणकांत प्रोसेसर, मेमरी आणि नेटवर्क कार्ड एवढंच. बटण दाबलं की प्रत्येक संगणक आपली ऑपरेटिंग सिस्टिम वायरीवरून सर्व्हरकडून मागवतो आणि पुढचं सगळं काम स्वतःच्या प्रोसेसरवर करतो. मुलांच्या फाइली सर्व्हरवर राहतात. चालू असताना सिस्टिममध्ये जे काही बदल होतील ते फक्त मेमरीत लिहिले जातात, आणि बंद केल्यावर पुसले जातात. म्हणजे एखाद्या मुलाने आज काहीही उलथापालथ केली, तरी उद्या सकाळी तो संगणक कोरा करकरीत. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात याचा मोठा फायदा मी पाहिला. तास चालू असताना वीज जायची, डिस्कवाले संगणक लिहिता-लिहिता बंद पडायचे आणि त्यांतले एक-दोन परत उठायचेच नाहीत. विनाडिस्क लॅबमध्ये यूपीएस फक्त सर्व्हरला आणि स्विचला द्यायचा. बाकीचे खुशाल बंद पडू देत. त्यांच्याकडे बिघडण्यासारखी फाइल मुळी नसतेच.

इतिहास थोडक्यात उरकतो. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात असे वर्कस्टेशन विकले. त्या वेळी डिस्क फार महाग होती, हे साधं कारण. यंत्राला नेटवर्कवरून पत्ता आणि बूट फाइलीचं नाव देणारा ‘बूटपी’ हा नियमसंच स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनचे जॉन गिल्मोर यांनी १९८५मध्ये लिहिला. पुढे १९९३मध्ये त्याची जागा डीएचसीपीने घ्यायला सुरुवात केली. इंटेलने १९९०च्या दशकात नेटवर्कवरून सुरू होण्याची ‘पीएक्सई’ ही सोय आणली आणि ती घराघरांतल्या संगणकांत येऊन बसली. मिशिगनच्या जिम मॅक्विलन यांनी १९९९मध्ये लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, सुरू केला. २०१९मध्ये ग्रीसच्या अल्किस जॉर्जोपुलोस यांनी तो पायापासून नव्याने लिहिला. मी आज वापरतो तो हाच.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो: बटण दाबल्यानंतरचे पहिले दहा सेकंद.

त्या क्षणी या संगणकाला काय माहीत असतं? स्वतःचा आयपी पत्ता माहीत नाही. सर्व्हर कुठे आहे माहीत नाही. कुठली सिस्टिम चालवायची तेही माहीत नाही. एकच गोष्ट त्याच्याजवळ असते: कारखान्यातून नेटवर्क कार्डावर कोरून आलेला ४८ बिटांचा मॅक पत्ता. काळ्या पडद्यावर आधी कार्डाच्या कंपनीचं नाव येतं, त्याखाली हा बारा अक्षरी पत्ता, आणि त्याखाली ‘डीएचसीपी’ या शब्दापुढे गरगर फिरणारी एक छोटी रेघ. पडद्यावर एवढंच दिसतं. वायरीवर मात्र यंत्राने दवंडी पिटलेली असते. पाठवणाऱ्याचा पत्ता ०.०.०.०, कारण अजून पत्ता मिळालेलाच नाही. घेणाऱ्याचा पत्ता २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे वायरीवर असतील ते सगळे. दवंडीबरोबर एक खूणही जाते की मी पीएक्सई जातीचा आहे, मला नुसता पत्ता पुरणार नाही, सुरू व्हायची फाइलही हवी.

सर्व्हरवर लॉगची खिडकी उघडी ठेवली तर हा संवाद ओळीने वाचता येतो. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक. विचारणा, देकार, स्वीकार, पावती. घंटा झाली की मुलं धावत येतात, चोवीस बटणं एकदम दाबली जातात, आणि लॉगमध्ये या चार शब्दांच्या ओळी एकमेकींत मिसळून धो धो वाहू लागतात. मी हे कितीही वेळा पाहिलं तरी मला पुन्हा पाहावंसं वाटतं.

पत्ता मिळाला, फाइलीचं नाव मिळालं. आता फाइल आणायची ती टीएफटीपीने. या नियमसंचाचा मूळ आराखडा एमआयटीच्या नोएल चिअप्पा यांचा, आणि १९८१मधला मसुदा कॅरन सॉलिन्स यांनी लिहिला. तो इतका छोटा की नेटवर्क कार्डावरच्या इवल्याशा रॉममध्ये मावतो. पासवर्ड नाही, फाइलींची यादी मागायची सोय नाही. ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवायचा, त्याची पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा तुकडा. ५१२पेक्षा लहान तुकडा आला की फाइल संपली. तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांत मावला पाहिजे, म्हणून मूळ नियमांप्रमाणे सुमारे ३२ एमबीच्या पुढची फाइल जात नसे. मोठे तुकडे ठरवून घ्यायची मुभा नंतर, १९९५मध्ये आली.

या टीएफटीपीत एक विलक्षण दोष होता. समजा, एका तुकड्याची पोच हरवली नाही, नुसती उशिरा निघाली. पाठवणारा कंटाळून तोच तुकडा पुन्हा पाठवतो. तेवढ्यात पहिली पोच येते, तो पुढचा तुकडा पाठवतो. मग दुसऱ्यांदा पाठवलेल्या तुकड्याचीही पोच येते, आणि तो पुढचा तुकडा पुन्हा एकदा पाठवतो. आता त्या तुकड्याच्याही दोन पोचा येणार. इथून फाइल संपेपर्यंत प्रत्येक तुकडा दोनदा जाणार आणि प्रत्येक पोच दोनदा येणार. फाइल शेवटी बरोबरच पोहोचते, म्हणून कोणाला काही संशय येत नाही. नेटवर्क मात्र दुप्पट राबत असतं. उपाय एका वाक्याचा निघाला: जुनी पोच दुसऱ्यांदा आली तर काहीही पाठवू नका. १९८९च्या आणि पुढे १९९२च्या नियमांत हे वाक्य घातलं गेलं. संगणकाच्या क्षेत्रात इतकं बारीक, इतकं निरुपद्रवी दिसणारं आणि इतकं शिकवून जाणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. नेटवर्क शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते फळ्यावर बाण काढून शिकवावं.

टीएफटीपीने आधी आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्रॅम येतो. मग लिनक्सचा कर्नल आणि ‘इनिटआरडी’ नावाचं सुरुवातीचं गाठोडं येतं. त्यानंतर एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या सोयीने सर्व्हरवरची दाबून लहान केलेली इमेज फाइल जोडली जाते. ही इमेज फक्त वाचायची. तिच्यावर मेमरीचा एक थर अंथरला जातो आणि लिखाण त्या थरावर होतं. चोवीस संगणक एकच फाइल वाचत असतात.

या दहा सेकंदांचं ज्ञान किती उपयोगी पडतं त्याचा एक प्रसंग सांगतो. वारणाकाठच्या एका शाळेत मी अधूनमधून जातो. तिथे एके सकाळी काही संगणक सुरू होत आणि काही ‘ई-५३’ हा आकडा दाखवून थांबत. त्याचा अर्थ, बूट फाइलीचं नाव मिळालं नाही. गंमत म्हणजे थांबणारे संगणक दर वेळी वेगळे. केबल आणि कार्डं ठीक होती. तेव्हा सर्व्हरवर टीसीपीडंप हा वायरीवरचा संवाद दाखवणारा प्रोग्रॅम लावून डीएचसीपीची ६७ आणि ६८ ही पोर्टं ऐकत बसलो. एकच विचारणा आणि तिला दोन देकार! एक आमच्या सर्व्हरचा, दुसरा कुण्या अनोळखी यंत्राचा. ज्याचा देकार आधी पोहोचेल त्याचा पत्ता काही संगणक उचलत होते, आणि त्या दुसऱ्या देकारात बूट फाइलीचा उल्लेखच नव्हता.

मॅक पत्त्याची पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीला नेमून दिलेली असतात. अनोळखी यंत्राची सहा अक्षरं यादीत शोधली, तर वायफाय राउटर बनवणाऱ्या कंपनीची निघाली. मग स्विचमधून एकेक केबल उपसत गेलो आणि त्या यंत्राचं पिंग कधी थांबतं ते पाहिलं. थांबलं त्या केबलच्या मागे मागे गेलो तर शेजारच्या खोलीत, कपाटावर, कोणी तरी मोबाइलला इंटरनेट मिळावं म्हणून घरचा राउटर आणून जोडला होता. तो काढला, लॅब सुरळीत. लॅबच्या स्विचला काय जोडलं जातं यावर एका माणसाची नजर हवी, असं मी म्हणतो ते यामुळे.

आता कमांड लाइनकडे वळतो. एलटीएसपीत रोजचा कारभार मोजक्या कमांडींवर चालतो. मराठी टंकलेखनाचा नवा प्रोग्रॅम हवा असेल तर तो सर्व्हरवर एकदाच घालायचा, मग ‘एलटीएसपी इमेज’ ही कमांड द्यायची. ती सर्व्हरच्या सध्याच्या स्थितीची नवी इमेज बनवते आणि आधीची ‘ओल्ड’ म्हणून बाजूला ठेवते. काही बिनसलं तर जुनी परत आणता येते. ‘एलटीएसपी कर्नल’ नवा कर्नल जागेवर नेऊन ठेवते. ‘एलटीएसपी इनिटआरडी’ सुरुवातीचं गाठोडं बांधते. जूनमध्ये नवीन विद्यार्थ्यांची खाती उघडल्यावर ही शेवटची कमांड पुन्हा द्यावी लागते, कारण खात्यांची यादी त्या गाठोड्यातूनच प्रत्येक संगणकापर्यंत जाते. नव्या शिक्षकांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.

सगळ्या आवडीनिवडी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. चौकटी कंसात एखाद्याचा मॅक पत्ता, खाली त्याचं नाव, पीसी-०७. एका जुन्या संगणकाच्या ग्राफिक चिपमुळे पडदा काळाच राहायचा. त्याच्या नावाखाली ‘नोमोडसेट’ हा शब्द कर्नलला देणारी एक ओळ लिहिली, आणि तो सुरू झाला. त्या संगणकाला हात लावावा लागला नाही.

यातही माझं सर्वांत लाडकं हत्यार म्हणजे पीडीएसएच. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ते तयार झालं. २००५च्या सुमारास तिथे ब्लू जीन-एल हा महासंगणक होता, ६५,५३६ नोड्सचा, आणि गणित करणाऱ्या एकाही नोडमध्ये डिस्क नव्हती. अशा ठिकाणी एकेका यंत्रापुढे जाऊन बसणं शक्यच नाही. पीडीएसएच एकच कमांड सगळ्यांना एकाच वेळी पाठवतं. प्रत्येक संगणकावर दुरून कमांड घेणारी एसएसएच सेवा चालू ठेवायची तजवीज तेवढी आधी करावी लागते.

पण खरी करामत त्याच्या जोडीदाराची, डीएसएचबॅकची. चोवीस संगणकांना विचारलं, तुमचा कर्नल कितवा, तर चोवीस उत्तरं वाचत बसावं लागेल. डीएसएचबॅकला ‘सी’ हा पर्याय दिला की ते सारखी उत्तरं एकत्र बांधतं. पडद्यावर दोनच परिच्छेद उमटतात. वर पीसी-०१ ते ११ आणि १३ ते २४, खाली त्यांची आवृत्ती. मग एक रेघ, पीसी-१२, आणि त्याखाली जुनी आवृत्ती. म्हणजे बारा नंबरचा संगणक काल बंदच केला गेला नाही, तो अजून जुन्याच इमेजवर चालला आहे. तीच तऱ्हा मेमरीची. एका संगणकाची मेमरी निम्मी दिसली, तर पट्टी सैल झाली आहे किंवा कोणी काढून नेली आहे. पंधरा सेकंदांत सगळ्या लॅबची हजेरी होते आणि वेगळा पडलेला आपोआप पुढे येतो. चित्रांच्या खिडक्या दाखवणारे प्रोग्रॅमही आहेत. ग्रीसच्या मंडळींचा एपोप्टीस चांगला आहे, वर्गात मुलांचे पडदे पाहायला मी तोच सुचवतो. पण चोवीस छोट्या चित्रांतून बारा नंबरचा जुना कर्नल डोळ्यांना दिसणार नाही.

कमांड लाइन आवडण्याचं दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. माउसने केलेलं काम कागदावर उतरवता येत नाही. इथे क्लिक करा, मग तिथे, असं सांगावं लागतं, आणि पुढच्या आवृत्तीत ती जागा बदललेली असते. कमांड मात्र जशीच्या तशी वहीत लिहिता येते. शिक्षकांची बदली होते, लॅब नव्या माणसाकडे जाते. आमच्या शाळेत एक दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर कमांड, उजव्या पानावर ती कशासाठी हे मराठीत. नव्या बाईंनी ती वाचून पहिल्याच आठवड्यात इमेज बनवली.

लॅब उठवायचं तंत्रही त्या वहीत आहे. बंद संगणकाचं नेटवर्क कार्ड, वीजपुरवठा चालू असेल तर, अर्धवट जागं असतं. त्याला पाठवायच्या जादूच्या पाकिटात आधी सहा बाइट, सगळे ‘एफएफ’, आणि पुढे त्याच कार्डाचा मॅक पत्ता सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. कार्ड फक्त हा साचा ओळखतं आणि संगणकाला उठवतं. मॅक पत्त्यांची यादी एका फाइलीत ठेवली की एका ओळीत चोवीसही संगणक उठतात. मात्र बायोसमध्ये ही सोय चालू केलेली हवी, आणि रात्री भिंतीवरचं बटण कोणी बंद करता कामा नये. ही दुसरी अट शिपाईमामांना समजावून सांगावी लागते.

करून पाहायचं असेल तर सुरुवात लहान करा. बऱ्यापैकी संगणक एक, जुने दोन, एक गिगाबिट स्विच आणि केबली. मधला स्विच १०० मेगाबिटचा असला तर दोन संगणकांना पुरतो, वर्ग भरला की रडतो. वायफायवर हा प्रकार चालत नाही, केबलच हवी. मॅनेज्ड स्विच असेल तर त्याचं स्पॅनिंग ट्री पोर्ट उघडायला ३० सेकंद घेऊ शकतं. तेवढ्यात संगणक वाट पाहून ‘ई-५१’ दाखवतो आणि माणूस उगाच सर्व्हर तपासत बसतो. ते पोर्ट लगेच उघडेल अशी सेटिंग करा. नव्या संगणकांत पीएक्सई बायोसमध्ये बऱ्याचदा बंद असतं, ते चालू करा, आणि सिक्युअर बूट सहसा बंद करावं लागतं. मग सर्व्हरवर लॉगची खिडकी उघडा, पहिल्या संगणकाचं बटण दाबा, आणि त्या चार ओळी येतात का पाहा.