अल्प खर्चांतील सकस जेवण : नांदगांव तालुक्याकरितां कांहीं सूचना

शेतकी मासिकांत बियाणें, खतें, औतें व बाजारभाव यांविषयीं लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु शेतांत पिकलेल्या दाण्याचा अखेरचा हिशेब बाजाराच्या कांट्यावर होत नसून चुलीपुढें होतो. वर्षभर राबून घरच्या माणसांच्या ताटांत काय पडलें, या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर ज्या शेतीस देतां येत नाहीं, तिला किफायतशीर म्हणतां येणार नाहीं. म्हणून या अंकीं आम्ही स्वयंपाकघराचा विषय हातीं घेतला आहे. सुगरणीस चार युक्त्या शिकवाव्या, हा आमचा हेतु नाहीं. त्या तिला आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहेत. थोड्या पैशांत चांगलें जेवण होणें हें जितकें तिच्या हातीं आहे तितकेंच घरधन्याच्याहि हातीं आहे, व तें पेरणीच्या आणि मळणीच्या दिवशींच ठरून जातें, एवढें दाखवावें हा हेतु आहे.

नांदगांव तालुका नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेस पर्जन्यछायेंत पडतो. गिरणेवरील मोठें धरण याच तालुक्यांत पांझणजवळ असलें, तरी त्याच्या कालव्यांचा लाभ मुख्यत्वें खालच्या जळगांव जिल्ह्यास होतो. आपल्या बहुतेक शेतकऱ्यांची भिस्त मृगाच्या पावसावर व विहिरीच्या तळावर आहे. बाजरी, मका, कपाशी व कांदा हीं येथील मुख्य पिकें. पैसा येतो तो दिवाळीच्या सुमारास, किंवा कांदा विकला म्हणजे. आणि तो जातो बियाणें, खत, औषध व मजुरी यांत. आषाढ-श्रावणांत कणगी तळाला गेलेली व हातांत रोकड नाहीं, ही स्थिति पुष्कळ घरांतून दृष्टीस पडते. अशा वेळीं ताटांतून प्रथम डाळ जाते, मग भाजी जाते, व अखेर भाकरी आणि मिरचीचा ठेचा एवढेंच उरतें. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वांट्यास तेंहि पुरतेंच येईल असा नेम नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ हून अधिक स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळून आलें. हा आंकडा वाचून ज्यास आपल्या घराची आठवण होणार नाहीं, असा कुटुंबवत्सल गृहस्थ विरळा.

आतां, ही उणीव कशाची आहे तें पाहूं. १९७२ च्या दुष्काळांत ती उघड उघड दाण्याची होती. त्या वेळीं अमेरिकेंतून आलेली मिलो नांवाची लाल ज्वारी लोकांनीं खाल्ली, दुष्काळी कामांवर सुकडी वांटली गेली, आणि त्यावर त्या पिढीनें दिवस काढले. ती ज्वारी जिभेस रुचली नाहीं, पण तिनें जीव तगविला. आज तशी स्थिति नाहीं. याच तालुक्यांत मनमाड येथें भारतीय अन्न महामंडळाचें मोठें कोठार आहे, आणि राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वयें प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्य मिळतें. १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य मिळूं लागलें आहे. म्हणजे पोट भरण्याची सोय बऱ्याच अंशीं झाली. परंतु हें धान्य मुख्यत्वें गहूं व तांदूळ यांच्या रूपानें येतें. कडधान्य व भाजीपाला ज्याचा त्यानें पाहावयाचा असतो. खरी उणीव येथें आहे, आणि ती भरून काढण्यास आपलें शेत समर्थ आहे.

धान्यास कडधान्याची जोड कां हवी, याचें कारण थोडक्यांत असें. शरीर घडविणारीं जीं प्रथिनें, त्यांचे घटक अनेक आहेत. त्यांपैकीं लायसिन नांवाचा घटक बाजरी, ज्वारी, गहूं यांत कमी असतो, तर कडधान्यांत तो भरपूर असतो. उलट मेथिओनिन नांवाचा घटक कडधान्यांत कमी, पण धान्यांत पुरेसा असतो. दोन्हीं एकत्र खाल्लीं म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. तीन ते चार भाग धान्यास एक भाग कडधान्य, हें प्रमाण उत्तम. शंभर ग्रॅम बाजरींत सुमारें ११ ग्रॅम प्रथिनें व ६ मिलिग्रॅम लोह असतें; तितक्याच पांढऱ्या तांदुळांत प्रथिनें सुमारें ८ ग्रॅम, आणि लोह एक मिलिग्रॅमहि नसतें. हुलग्यांत, म्हणजे कुळथांत, प्रथिनें २२ ग्रॅमच्या जवळपास असून हाडांस लागणारें कॅल्शियम सुमारें २७० मिलिग्रॅम असतें. मठांत, म्हणजे मटकींत, प्रथिनें २० ग्रॅमच्या आसपास असतात. पांच माणसांच्या घरांत रोज दीड किलो नुसती बाजरी खर्चीं पडत असेल, तर प्रथिनें १६५ ग्रॅम मिळतात. त्याऐवजीं १२०० ग्रॅम बाजरी व ३०० ग्रॅम हुलगा-मठ वापरल्यास तीं सुमारें १९५ ग्रॅम होतात. वजन तेंच, पण पोषण जवळजवळ एक-पंचमांशानें वाढलें. शिवाय तें अधिक अंगीं लागणारें.

हीं दोन द्रव्यें रोज एकाच रूपानें पुढें आलीं तर मुलेंबाळें कंटाळतात. तेव्हां वस्तु त्याच ठेवून रूप बदलणें, हेंच काटकसरीच्या स्वयंपाकाचें मर्म होय. आपल्या व शेजारच्या खानदेशांतील चुलीवर याचे उत्तम नमुने पूर्वापार चालत आले आहेत.

(१) कळणा.— चार भाग ज्वारी किंवा बाजरी व एक भाग सालासकट उडीद, चवीपुरतें मीठ घालून एकत्र दळावे. या पिठाची भाकरी ठेच्याबरोबरहि पुरी पडते, कारण डाळ भाकरीच्या आंतच असते. ज्या दिवशीं दुसरें कांहीं करण्यास सवड नाहीं, त्या दिवसाकरितां याहून सोयीची योजना नाहीं.

(२) शेंगोळे.— हुलग्याच्या पिठांत थोडें ज्वारीचें पीठ, लसूण, जिरें, तिखट व मीठ घालून घट्ट मळावें. हातावर बोटाएवढ्या वळ्या करून त्यांचीं कडीं वळावीं, व फोडणी देऊन उकळी आणलेल्या पाण्यांत सोडावीं. पाऊण-एक चमचा तेलाच्या फोडणींत सर्व घराचें जेवण एकाच भांड्यांत होतें. पिठाचा कांहीं अंश सुटून रस्सा आपोआप दाट होतो. वेगळें वाटण लागत नाहीं.

(३) फुणके.— तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटावी. तींत कांदा, कोथिंबीर, मिरची व मूठभर मेथी किंवा तांदुळजा चिरून घालावा, मुटके वळावे व चाळणींत ठेवून वाफेवर उकडावे. तळणीच्या वड्यास जें तेल लागतें त्याची येथें गरजच नाहीं. तूर महाग असेल तेव्हां अर्धी डाळ मठाची घ्यावी. ताकाच्या कढीबरोबर हे फुणके चांगले लागतात.

(४) मोड आणलेले मठ.— रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशीं फडक्यांत बांधून ठेवावे. मोड येतांना दाण्यांत क जीवनसत्त्व उत्पन्न होतें, लोह शरीरास अधिक मिळूं लागतें, आणि दाणा लवकर शिजत असल्यामुळें सरपण वा गॅसहि वांचतो. सकाळीं यांची उसळ केली, तर उरलेली संध्याकाळीं बाजरीच्या पिठांत मळून तिचीं थालीपिठें लावावीं.

(५) बाजरीची खिचडी.— बाजरीस पाण्याचा हात लावून ती उखळांत हलकेच कांडावी व कोंडा पाखडून टाकावा. तीन वांट्या बाजरीस एक वाटी मुगाची डाळ घालून मऊ शिजवावी. म्हाताऱ्या माणसांस व दांत न आलेल्या मुलांस ही भाकरीपेक्षां सोयीची पडते. मुलांकरितां मात्र ती घोटून पातळ करावी.

(६) हुलग्याचें माडगें.— भाजलेल्या हुलग्याचें पीठ पाण्यांत कालवून गूळ घालून शिजवावें. पावसाळ्यांत सकाळीं चहा-बिस्किटांवर मुलांची बोळवण करण्यापेक्षां वाटीभर माडगें द्यावें. बिस्किटांच्या पुड्यांवर महिन्याकाठीं होणारा खर्च एकदां मांडून पाहिला, म्हणजे हें निराळें सांगावें लागणार नाहीं.

येथें बाजरीविषयीं एक सूचना करणें जरूर आहे. तिच्या दाण्यांत तेलाचा अंश बराच असल्यामुळें पीठ लवकर खवट व कडू होतें. दळण आठवड्यापुरतेंच आणावें. कडू झालेलें पीठ टाकावें लागणें ही काटकसर नव्हे.

आतां भाजीपाल्याकडे वळूं. हरभऱ्याची पेरणी झाल्यावर महिना-सव्वा महिन्यानें शेंडे खुडतात, त्यामुळें फांद्या अधिक फुटतात, हें सर्वांस विदित आहे. हा खुडलेला पाला कांहीं ताजा खावा व बाकीचा सावलींत वाळवून डब्यांत भरून ठेवावा. आषाढांत भाजी मिळेनाशी झाली म्हणजे तोच पाला लसणाची फोडणी, थोडें पीठ व ताक घालून शिजवितां येतो. बांधावर शेवग्याचीं दोन झाडें असलीं तर शेंगा विकाव्या व पाला घरांत ठेवावा. शंभर ग्रॅम पाल्यांत कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमच्या वर असतें. पावसाळ्यांत घोळ, तांदुळजा, पाथरी या भाज्या तर फुकट उगवतात. पालेभाजीबरोबर लिंबाची फोड किंवा कच्चा टोमॅटो असला म्हणजे तींतील व भाकरींतील लोह अधिक प्रमाणांत अंगीं लागतें. उलट जेवणास लागून चहा घेतल्यास तें वायां जातें. चहा जेवणानंतर तासाभरानें घ्यावा. या एका नियमास खर्च कांहींच नाहीं.

कांद्याची प्रतवारी करितांना गोल्टी व जोड कांदा बाजूस पडतो व त्यास भाव येत नाहीं. तो मातीमोलानें देण्यापेक्षां पातळ चिरून कडक उन्हांत वाळवावा. कोरड्या बरणींत तो महिनोगणती टिकतो, व रस्सा, पिठलें किंवा शेंगोळे यांस उपयोगीं पडतो. चैत्र-वैशाखांतील ऊन हें आपल्या तालुक्याचें फुकटचें इंधन आहे. मठाच्या अगर मुगाच्या डाळीचे सांडगे व बाजरीच्या खारोड्या या उन्हांत करून ठेवल्या, तर श्रावणांतील भाजीची चिंता अर्धी मिटते.

काटकसरीच्या भरांत दोन गोष्टी मात्र कदापि करूं नयेत. ज्या बांधावर वा शेतांत तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलें आहे, तेथील रानभाजी खुडूं नये. आणि पेरणी होऊन उरलेलें औषध लावलेलें, रंगीत बियाणें धुऊन देखील दळूं नये, शिजवूं नये, कोंबड्यांसहि घालूं नये. तें विष आहे.

आतां मूळ मुद्द्यावर येऊं. वर सांगितलेल्या सर्व प्रकारांस रोज ३०० ग्रॅम कडधान्य लागतें. वर्षाचें तें सुमारें ११० किलो होतें. दुकानांतून किलो-अर्धा किलो करून आणावयाचें म्हटल्यास तंगीच्या दिवसांत तें आणलेंच जात नाहीं, असा अनुभव आहे. परंतु हुलग्याचें किंवा मठाचें कोरडवाहू पीक हेक्टरी पांच क्विंटल धरलें, तर या ११० किलोंस सुमारें २२ गुंठे जमीन पुरते. म्हणजे अर्ध्या एकराहून किंचित् जास्त. जमीन हलकी असली तरी चालते, पाणी द्यावें लागत नाहीं, खताचा खर्च नाममात्र. हुलगा तर पाऊस लांबल्यास ऑगस्टच्या अखेरपर्यंतहि पेरतां येतो. शिवाय या पिकांच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र जमिनींत सांठवितात व भुसकट जनावरांस होतें. एवढें असतां पूर्वीं बाजरींत मिसळून घेतले जाणारे हुलगा-मठ आपण मका-कपाशीच्या मोहानें मागें टाकले, आणि त्याची किंमत घरच्या ताटांत मोजीत आहों. रोख पीक घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. रोख पैशावांचून संसार चालत नाहीं. पण सर्वच जमीन रोखीस लावून पुन्हां त्याच रोखीनें डाळ विकत घेण्यांत नफा कोणाचा होतो, याचा विचार व्हावा.

पूर्वीं खळ्यावर रास पडली म्हणजे तेथेंच बलुतेदारांचा वांटा निघत असे. मग धनी आपला माल मोजी. आज खळ्यावरूनच गाडी बाजाराकडे वळते, व घरांत काय ठेवावयाचें याचा विचार भाव कळल्यावर होतो. आमची विनंति एवढीच, कीं चुलीचा वांटा हा पहिला वांटा समजावा. पेरणीपूर्वीं घरधनिणीस विचारून वर्षाला कोणतें कडधान्य किती लागेल याची यादी करावी, तेवढे गुंठे राखावे, आणि मळणीच्या दिवशीं तेवढें माप तिच्या हातीं देऊन मगच पोत्यांचीं तोंडें शिवावीं. ती त्या मापाचें काय करील, तें तिला सांगावें लागत नाहीं. आषाढांत तिचेंहि ताट इतरांइतकेंच भरलेलें दिसलें, म्हणजे आपली शेती सुधारली असें खुशाल समजावें.