विश्लेषण : लँडलाइनने पत्ता उघड केला, मोबाइल आता नावही सांगणार? एकटीने देहविक्रय करणाऱ्या महिलांपुढे नवा पेच

फोन वाजताच स्क्रीनवर समोरच्याचे सिमकार्डसाठी नोंदवलेले नाव दिसावे, अशी शिफारस ‘ट्राय’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. ही सेवा सर्वांना आपोआप लागू असावी, यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार विभाग आणि ट्राय यांचे एकमत झाले. फसवे कॉल ओळखता यावेत हा त्यामागचा हेतू. बहुतेकांना ते सोयीचेच आहे. पण दलालाविना, एकटीने देहविक्रय करणाऱ्या महिलेची सुरक्षितता बरीचशी एकाच गोष्टीवर उभी असते : गिऱ्हाइकाला तिचे खरे नाव माहीत नसणे.

लँडलाइनच्या काळात काय अडचण होती?

लँडलाइनचा नंबर माणसाचा नसतो, घराचा असतो. उदाहरणार्थ, अलिबाग तालुक्यातील थळ. तिथला नंबर ०२१४१ ने सुरू होतो, म्हणजे कॉल कुठल्या भागातून आला हे पहिल्या पाच आकड्यांतच कळते. पुढचे काम टेलिफोन डिरेक्टरी करायची. नाव आणि पत्ता दोन्ही छापलेले. शिवाय फोन ओटीवर किंवा माजघरात. तो सासू उचलणार की शेजारची मुलगी, याचा नेम नाही. दुसऱ्या खोलीत जोडफोन असेल तर बोलणे ऐकताही यायचे.

एसटीडी-पीसीओ बूथ हा पर्याय होता, पण अर्धाच. तिथून कॉल करता येई. गिऱ्हाइकाने उलट फोन करायचा कुठे? त्यामुळे ज्याच्या हाती फोन त्याच्या हाती धंदा, असे गणित होते. लॉजचा मॅनेजर, कुंटणखान्याची मालकीण किंवा दलाल यांचा कमाईतला वाटा काही अंशी या फोनचाच होता.

मोबाइलने नेमके काय बदलले?

देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, पण तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. १ मे २००३ पासून इनकमिंग मोफत झाले. ज्या व्यवसायात मुख्यतः कॉलची वाटच पाहायची, तिथे हा बदल हँडसेटपेक्षाही मोठा होता. फोन पर्समध्ये आला, सायलेंट करता येऊ लागला, नको तो नंबर ब्लॉक करता येऊ लागला. जुलै २०१५ मध्ये देशभर नंबर पोर्टेबिलिटी लागू झाल्यावर तर आकड्यांवरून राज्यही खात्रीने सांगता येईना.

कायद्याच्या दृष्टीनेही जागा महत्त्वाची आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने देहविक्रय करणे हा गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. कुंटणखाना चालवणे, दलाली, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. मात्र दोघींनी एकाच खोलीत परस्परांच्या फायद्यासाठी हे काम केले, तरी ती खोली ‘कुंटणखाना’ ठरते. म्हणजे सोबतीने राहावे तर गुन्हा आणि एकटीने राहावे तर अनोळखी माणसापुढे एकटी. या कायद्यातली ही सर्वांत विचित्र गाठ आहे आणि ती कोणत्याही फोनने सुटलेली नाही.

मग मोबाइल सुरक्षित नाही का?

पूर्वीइतका नाही. यूपीआयने पैसे घेतले की बँकेत नोंदलेले नाव समोर येते. व्हॉट्सॲपवर फोटो दिसतो. कोणी तिचा नंबर भलत्या नावाने सेव्ह केला, तर ते नाव कॉलर आयडी ॲपमार्फत इतरांपर्यंत पोहोचू शकते. कॉलच्या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. त्यात स्क्रीनवर नावाची भर. ही सेवा बंद करण्याची मुभा आहे, पण ती दुसऱ्याचे नाव पाहणे बंद करण्याची. स्वतःचे नाव लपवण्याची नव्हे. ती सवलत नंबरच दिसू न देण्याची खास सुविधा असलेल्या मोजक्या ग्राहकांपुरती आहे.

दुसऱ्याच्या नावाचे किंवा खोट्या कागदपत्रांवरचे सिम हा मार्ग तर थेट तुरुंगाकडे जातो. दूरसंचार कायदा २०२३ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वतःच्या नावावर दुसरे सिम कायदेशीर आहे, पण नाव तेच राहते.

ब्लॅकमेल झाल्यास?

‘घरी सांगेन’ अशी धमकी देऊन पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा आहे. तक्रारदार काय काम करते, याने त्यात फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात पोलिसांनी या महिलांना सन्मानाने वागवावे, माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये, असे बजावले आहे. त्यांना आधार कार्ड देतानाही व्यवसाय कळेल अशी कोणतीही खूण ठेवायची नाही, असेही त्यात आहे.

नंबर बदलताना काय लक्षात ठेवावे?

बंद केलेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. त्यानंतर मात्र तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. जुन्या गिऱ्हाइकांचे कॉल आणि बँकेचे ओटीपीही त्याच्याकडेच. म्हणून सिम सोडण्याआधी बँक, आधार आणि यूपीआयमधला नंबर बदलून घ्यावा, आणि व्हॉट्सॲप खाते फोनमधून ॲप काढून न टाकता आधी सेटिंगमध्ये जाऊन डिलीट करावे.