३६,००० डॉलरचा आकडा आणि माजी सैनिकाचं घर

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या गृहकर्जाची सोय १९४४ च्या ‘जीआय बिल’ कायद्यातून आली. सरकार हे कर्ज स्वतः देतं, असं अजूनही बरेच जण धरून चालतात. पैसे देते बँक किंवा खासगी कर्जसंस्था. माजी सैनिक विभाग, म्हणजे व्हीए, त्यातल्या काही भागाची हमी घेतो. त्या हमीमुळेच अनेकांना डाउन पेमेंटशिवाय घर घेता येतं. सैनिक या हमीला पात्र आहे, एवढंच व्हीएचं पात्रता प्रमाणपत्र सांगतं. उत्पन्न आणि क्रेडिट बँक वेगळं तपासते.

सर्वांत मोठा घोळ प्रमाणपत्रावरच्या ३६,००० डॉलरच्या आकड्याने होतो. ‘एवढ्यात घर कुठे मिळणार?’ म्हणून माणूस तिथेच नाद सोडतो. ही कर्जाची मर्यादा नव्हे. १,४४,००० डॉलरपर्यंतच्या कर्जांसाठीची ती मूळ हमी आहे; त्याहून मोठ्या कर्जाला व्हीए चौथ्या हिश्शापर्यंत हमी देतो. आणि १ जानेवारी २०२० पासून, ज्याचा हक्क पूर्ण शिल्लक आहे त्याच्या कर्जावर व्हीएची कमाल मर्यादाच राहिलेली नाही. हा आकडा कागदावर नीट समजावून छापायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

लढाईवर गेलेलं असावं लागतं, हीही चुकीची समजूत. आज सेवेत असलेला सैनिक सलग ९० दिवसांनंतर पात्र ठरतो. ऑगस्ट १९९० नंतर सेवा करून बाहेर पडलेल्यांना सहसा सलग २४ महिने लागतात, किंवा बोलावलेला पूर्ण काळ, पण किमान ९० दिवस. सेवेतल्या अपंगत्वामुळे बाहेर पडावं लागलेल्याला ही अट नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: भारतीय लष्करातली सेवा यात धरत नाहीत, आणि या कर्जातून पुण्यात फ्लॅट घेता येत नाही. घर अमेरिकेत किंवा तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशातच हवं.

पुरावा म्हणून माजी सैनिकाचा डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा कागद लागतो. सेवेत असलेल्याला तुकडीचं सहीनिशी सेवापत्र. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय बँकेत जायचं नाही, असं काही नाही. बँक ते ऑनलाइन मागवू शकते, कित्येकदा काही मिनिटांत. कागद हरवला तर हक्क गेला, असंही नाही. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १९१२ ते १९६० दरम्यान सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली नष्ट झाल्या. तरीही इतर नोंदींवरून सेवेचा दाखला तयार करून दिला जातो.

कर्जावर सही करण्याआधी प्रमाणपत्रावरची ‘फंडिंग फी’ची, म्हणजे या कर्जावर व्हीएला द्याव्या लागणाऱ्या शुल्काची, नोंद जरूर पाहावी. डाउन पेमेंट न भरता पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ही फी २.१५ टक्के, म्हणजे चार लाख डॉलरच्या कर्जावर ८,६०० डॉलर. व्हीएची अपंगत्व भरपाई घेणाऱ्याला ती पूर्ण माफ आहे. भरपाई नंतर मंजूर झाली, पण कर्जाच्या आधीच्या तारखेपासून लागू झाली, तर भरलेली फी परत मागता येते.